काट्याच्या तोंडून

“किडनी चांगली आहे,” डॉक्टर म्हणाले. “रक्तगट जुळतो, बाकीच्या तपासण्याही जुळतात. पण बाई, तुमचं वजन चौऱ्याऐंशी किलो, प्रेशर दीडशेच्या वर. अशा अंगावर मी ऑपरेशन करणार नाही. बारा किलो उतरवा, चार महिन्यांनी या, मग बघू.”

आणि गोदूबाईला बरं वाटलं.

बरं वाटलं म्हणजे कसं, तर डोक्यावरचा भरला हंडा दुसऱ्या कुणी अलगद उतरवून घ्यावा तसं. मान मोकळी झाली, खांदे खाली आले, सकाळपासून उपाशी असलेल्या तोंडात पाणी सुटलं. खाली कँटीनमध्ये वडे तळत होते, त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता आणि तो तिला इतका वेळ आलाच नव्हता. मग तिला आठवलं की शेजारच्या खुर्चीवर नामा बसलाय. तिनं मान वळवली नाही. टेबलावर ठेवलेला त्याचा डावा हात तेवढा तिला दिसत होता. सुया टोचून टोचून मनगटाच्या वरची शीर दोरखंडासारखी फुगलेली. त्या शिरेला बोट लावलं की आतलं रक्त घरघर करत पळताना कळतं. एकदा त्यानंच तिचं बोट धरून तिथं टेकवलं होतं, आणि तिनं ते चटका बसल्यासारखं मागं घेतलं होतं. आता तो हात हलला नाही, बोटं फक्त जरा मिटली. त्यानं आपल्याकडं पाहिलं का? पाहिलं असेल तर त्याला काय दिसलं? मुंबईहून भिवंडीला परत येईपर्यंत गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि नामा ड्रायव्हरशी नाक्यावरच्या ट्रॅफिकबद्दल बोलत राहिला.

नामा तिचा धाकटा भाऊ, तिच्याहून आठ वर्षांनी लहान. दोन्ही किडन्या वर्षापूर्वी बसल्या. सोमवारी आणि गुरुवारी ठाण्याला जाऊन चार चार तास डायलिसिसच्या मशीनवर पडायचं, दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी, ते पण मोजून. आई सत्तरीची, साखरेची. बायकोचा रक्तगट जुळेना. राहिली गोदूबाई. माहेर कशेळीचं, खाडीकाठचं, दिली राहनाळात. वय सत्तेचाळीस. नवरा बाळाराम दापोड्याच्या एका गोडाऊनवर सुपरवायझर, मुलगी मनाली कॉलेजात, आणि गोदूबाईची स्वतःची खानावळ. गोडाऊनच्या पोरांचे रोजचे चाळीस डबे. सकाळी भात, डाळ, दोन भाज्या, बुधवारी-रविवारी मासळी नाही तर अंडी. दिवसभर हात अन्नात. आणि आता त्या हातांना सांगितलं गेलं होतं, बारा किलो.

दुसऱ्याच दिवशी ठमाबाई, तिची आई, पिशवी घेऊन राहनाळात येऊन बसली. लेकीकडं राहायला यायला जिला पंचवीस वर्षांत कधी सवड झाली नव्हती ती आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाट टाकून बसायची, आणि गोदूबाईच्या ताटावरची तिची नजर ढळायची नाही. “भाकर किती घेतलीस गो?” “अर्धी.” “अर्धीची अर्धी कर. पोराचा जीव तुज्या हातान हाय.” मनालीनं पेपरातला आहाराचा तक्ता कापून कपाटावर डकवला. भावजय कशेळीहून रोज फोन करून आधी वजन विचारायची, मग तब्येत. सगळ्यांचं प्रेम होतं, त्यात खोट नव्हती. तरी घास उचलताना गोदूबाईला वाटायचं, आपल्या तोंडात घास जातोय तो नामाच्या तोंडातून काढलेला आहे. आणि असं वाटलं की तिला लहानपणची चूल दिसायची. खाडीतून बाप मासे घेऊन यायचा, आई कालवण करायची. मधला तुकडा नामाला, पोटातली अंड्यांची गाबोळी नामाला, तिला शेपटाचा तुकडा आणि भातावर रस्सा. तिनं एकदा, फक्त एकदा, गाबोळी मागितली होती. आई म्हणाली होती, “पोरीच्या जातीला चव लावून घेऊ नये.” यात राग धरण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा सगळ्याच घरांत तसंच होतं. सासरी तर सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते. पोट भरून, आपल्या हातानं वाढून घेऊन, कुणाकडं न बघता ती पहिल्यांदा जेवली ती पस्तिसाव्या वर्षी, खानावळ सुरू केली तेव्हा. अंग भरलं ते त्यानंतर. दंड भरले, पोट सुटलं, बांगड्या मनगटावर रुतायला लागल्या. लोक हसायचे, तीही हसायची. पण ही चरबी तिची स्वतःची होती. कुणी दिलेली नव्हती, कुणाच्या ताटातून उरलेली नव्हती. आणि ज्या बाईनं तिला शेपटाचा तुकडा वाढला तीच आज उंबऱ्यात बसून ही चरबी परत मागत होती.

पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायला तोंडच नव्हतं. भाऊ मरतोय आणि तू गाबोळी काय काढून बसलीस? ती चालायला लागली. पहाटे मनालीचे कॅनव्हासचे बूट घालून, साडी जरा वर खोचून, राहनाळातून अंजूरफाट्याकडं. रस्त्याच्या कडेला रात्रीचे आलेले ट्रेलर झोपलेले, क्लीनर चाकाशी दात घासत उभे, आतल्या गल्ल्यांमधून कापडाच्या लूमची खटाखट. ती खटाखट इतकी सवयीची की ती चालू असते हे फक्त वीज गेल्यावर कळतं. पहिल्या दिवशी पेट्रोल पंपापर्यंतही दम पुरला नाही. कमरेची डावी बाजू ठणकायला लागली. ही बाजू तिची कायमचीच जरा उचललेली, कारण नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या कडेवर नामा होता. चौथीतून शाळा सोडली ती त्याला सांभाळायला. आई-बाप शेतावर, खाडीवर, आणि नामा तिच्या कडेवर, इतका की गावातल्या बायका म्हणायच्या, गोदीला दोन डोकी. मुंबईच्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं होतं, किडनी इथून काढायची. डावीकडून. तिनं तेव्हा काही म्हटलं नाही, पण चालताना दर पावलाला ती जागा ठणकायची आणि तिच्या मनात यायचं, इथंच होता तो, आणि इथूनच आणखी मागतोय.

तरी अंग उतरायला लागलं. ब्याऐंशी, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर. दर शनिवारी ती नाक्यावरच्या डॉक्टर शादाबच्या दवाखान्यात काट्यावर उभी राहायची. तो तिथलाच, तीन पिढ्या भिवंडीतल्या, बापाचे लूम विकून डॉक्टर झालेला. आकडा वहीत लिहिताना तो जीभ टाळ्याला लावून चक् करायचा, म्हणजे शाबास. प्रेशर उतरलं. जिना चढताना छातीत व्हायची ती धडधड गेली. सकाळी उठल्यावर बोटं सुजलेली नसायची. हे सगळं तिला आवडायला लागलं आणि आवडतंय याचीच तिला धास्ती वाटायला लागली. एरवी हे बळ तिनं आनंदानं जपलं असतं. आता ते जसं जसं वाढत होतं तशी तशी ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. बरी होत होती ती कापून घ्यायला. डबे न्यायला येणारा एक पोरगा म्हणाला, “चाची, आप तो आधी हो गयी, शुगर है क्या?” ती म्हणाली, “नही रे, भाई के लिये.” आणि बोलून झाल्यावर दिवसभर ते शब्द तिच्या मनातून जाईनात. बाळारामला तिनं विचारलं, “तुमाला काय वाटतं?” तो बनियन उलटं करून वाळत घालत होता. “माना काय वाटायचंय. सही मागतील तं देईन. तुजं अंग, तुजं तू बग.” तुजं अंग. तिला हसायला आलं आणि तिनं पंख्याचं बटण दाबलं.

जानेवारीत ठमाबाई कशेळीला परत गेली. नामाला थंडी-ताप येत होता, सुनेला एकटीला जमेना. जाताना लेकीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “तीनच किलो हायत आता. तीन म्हंजे काय गो, पानी.” त्या शनिवारी काटा पंच्याहत्तरवर होता. पुढच्या शनिवारी पंच्याहत्तर. त्याच्या पुढच्या शनिवारीही. डॉक्टर शादाबनं चष्मा काढून पुसला. “गोदूबाय, चालणं चालू आहे?” “हाय तं. रोज.” “जेवण?” “तक्त्यापरमानं.” “तीन आठवडे पंच्याहत्तर. एवढं स्थिर तर माझं घड्याळही नाही.” तो हसून बोलला, पण वहीत लिहिताना त्यानं चक् केलं नाही.

ती खोटं बोलत होती का? तिला विचारलं असतं तर तिनं शपथ घेतली असती की नाही. सकाळी अर्धी भाकरी, दुपारी वाटीभर भात, रात्री ताक, सगळं तक्त्याप्रमाणं. मधे जे व्हायचं ते जेवण नव्हतं. दुपारी डबे गेले की घर रिकामं व्हायचं. बाळाराम ड्युटीवर, मनाली कॉलेजात, आई गेलेली. पातेल्यात डब्यांतून उरलेला भात, टोपाच्या कडेला कालवणावर आलेला लाल तेलाचा थर. मीठ बरोबर होतं का ते बघायला ती बोट लावायची. मग भाताची एक मूठ. मूठ हे काही ताट नव्हे, ती मोजायची नसते. दुसरी मूठ. उभ्या उभ्या, ओट्याला टेकून, भिंतीकडं तोंड करून. तिसरी मूठ घशाखाली जाताना कानात लूमची खटाखट मोठी व्हायची आणि मग एकदम शांत वाटायचं, डोक्यावरून पदर ओढून घेतल्यासारखं. हात धुतला की ती ते विसरायची, खरंच विसरायची. शनिवारी काट्यावर पाय ठेवून आकडा बघितला की आत कुणीतरी हळूच श्वास सोडायचं. त्या कुणाचं तरी तोंड बघायची तिची हिंमत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती तशीच ओट्याशी उभी असताना पाठीमागं चप्पल वाजली. ती वळली तर दारात नामा. काळवंडलेला, शर्टात अंग हरवलेलं, पावलांवर सूज. रिक्षा करून एकटाच आला होता. तिचा हात मनगटापर्यंत टोपात होता.

“मीठ बगत होते,” ती म्हणाली.

“मिठाला चमचा पुरतो गो बाय.” तो आत येऊन भिंतीला पाठ लावून खाली बसला. दम खाऊन म्हणाला, “खा. थांबू नको. कसलं हाय, बोंबील?”

“बोंबील.”

“झाकण ठेवू नको मंग. वासाला डाक्टरनं बंदी नाय केली.”

तिनं हात धुतला. पाणी वाहताना ते त्याच्यासमोर वाहतंय याची तिला लाज वाटली आणि तिनं नळ घाईनं बंद केला. “मी करतंय परयत्न,” ती म्हणाली. “या शनवारी उतरंल. रोज चालतंय मी, नाक्यावर कुनालाबी इचार.”

“ठाव हाय.”

“तीनच किलो हायत.”

“बाय,” तो म्हणाला. तिच्याकडं न बघता तो आपली फुगलेली शीर अंगठ्यानं चोळत होता. “तुना द्यायची नसंल तं तुज्या तोंडानं सांग. काट्याच्या तोंडून सांगू नको. दर शनवारी आय फोनची वाट बगत बसते, बायको देव पान्यान ठेवते. मीबी बगतंय. काटा काय बोलंल, काटा काय बोलंल. त्या मशीनवर पडायचं माना सोसतं, पन हे नाय सोसत.”

बाहेर कुठल्याशा ट्रकनं मागं येताना वाजवायचा तो पिपाणीसारखा आवाज सुरू केला आणि तो थांबेचना. गोदूबाईच्या मनात एकदम खूप काही आलं. गाबोळी, चौथीची शाळा, आईचा पाट, डॉक्टरचं चित्र. नामा तीन वर्षांचा असताना खाडीच्या चिखलात रुतला होता, कमरेपर्यंत. ती पालथी पडून, त्याच्या काखेत हात घालून ओढत होती आणि तिला स्वतःलाच आत जाताना कळत होतं. तेव्हा तिला सोडून द्यावंसं वाटलं होतं का? वाटलं होतं. एक क्षण. तिनं सोडलं नव्हतं, पण वाटलं होतं, आणि ते छत्तीस वर्षं तिच्यापाशीच होतं. त्या क्षणाची चव आता तोंडात बोंबलाच्या तिखटात मिसळलेली होती. तिनं ओट्याची कड घट्ट धरली.

“न्हाय द्यायची माना,” ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण ऐकून तीच दचकली. घरात काही पडलं नाही, काही फुटलं नाही. ट्रकचा आवाज थांबला. नामानं मान हलवली.

“बरं,” तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. अंधारात पायाला शिडीची पायरी लागावी तसा तो शब्द होता. तो भिंतीला हात लावत उठला. ती पुढं झाली तर म्हणाला, “उठतो मी.” दारात चप्पल घालताना म्हणाला, “आयला मी सांगतंय. तू कायबी बोलू नको. दाजींनापन नाय.”

त्यानं कशेळीला जाऊन सांगितलं ते असं, की मीच नको म्हटलं. बायचं प्रेशर भरवशाचं नाही, उद्या टेबलावर काही झालं तर दोन घरं बसतील. मेलेल्या माणसाची किडनी मिळते, त्या यादीत नाव घालू, मिळेल तेव्हा मिळेल. ठमाबाई दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिनं रिक्षावाल्याच्या हातून राहनाळला डबा पाठवला, चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. फोनवर म्हणाली, “खा गो बाय आता. लय उपाशी मारली मी तुना.” आईनं आपल्यासाठी म्हणून काही रांधून पाठवल्याचं गोदूबाईला आठवत नव्हतं. तिनं ताट घेतलं, मांडी घालून बसली, नांगी फोडली. दोन घास गेले. तिसरा जाईना. पोट भरलं होतं, बस्स. तिनं ताट मनालीपुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बूट घालत होती तेव्हा बाळाराम कूस बदलून म्हणाला, “आता कनाला जातेस?”

“पाय जातात,” ती म्हणाली.

आता कुणी वजन विचारत नव्हतं. कपाटावरचा तक्ता एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होता. दुपारी घर रिकामं असायचं, पातेलं उघडं असायचं आणि तिचा हात तिकडं जात नव्हता. ती स्वतःवर पाळत ठेवून होती, कधी जातो बघू, पण जात नव्हता. कुणापासून लपवायचं उरलं नव्हतं म्हणून की काय. पण शांत वाटत नव्हतं. उलट आत काहीतरी सुटं झालं होतं आणि चालताना हिंदकळत होतं. इतके दिवस राग होता, आणि रागाच्या बुडाशी भीती होती हे तिला दिसलंच नव्हतं. आता राग ओसरला तशी भीती ओहोटीला चिखलातले दगड उघडे पडावेत तशी दिसायला लागली, एकेक. भूल देतील ती उतरलीच नाही तर? मनालीचं लग्न व्हायचंय. उरलेली एकच किडनी, तिला उद्या काही झालं तर आपल्याला कोण देणार? बाळाराम? खानावळ बंद पडली तर? ती चालता चालता एकेकीकडं बघायची आणि पुढं जायची. त्या खोट्या नव्हत्या. लहानही नव्हत्या. पण त्यांना आकार होता, त्या मोजता येत होत्या. मोजता येत नव्हतं ते एकच, नामाचं ते “बरं”. जन्मभर त्याला सगळं मिळत गेलं, मधला तुकडा, शाळा, आईची मांडी. काही मिळालं नाही तर हा पोरगा पाय आपटायचा, जमिनीवर लोळायचा. तो “बरं” म्हणायला कधी शिकला? कुठल्या मशीनवर, कुठल्या गुरुवारी? आणि ते शिकताना आपण कुठं होतो?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, शनिवार नसताना, गुरुवारी सकाळी ती डबे भरून झाल्यावर नाक्यावर गेली. डॉक्टर शादाबच्या दवाखान्यात गर्दी होती. ती सरळ काट्यावर चढली. काटा हलला, मागंपुढं झाला आणि थांबला. डॉक्टरनं खुर्चीतून वाकून बघितलं. “एकाहत्तर,” तो म्हणाला. प्रेशर घेतलं, एकशे चोवीस. “आता तर तुम्हाला कुणी सांगतही नव्हतं.” “न्हाय ना,” ती म्हणाली. ती बाहेर आली आणि घराकडं न वळता ठाण्याच्या एसटीत चढली.

एसटी पूर्णा, काल्हेर करत रखडत निघाली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर. खिडकीतून गोडाऊनचे पत्रे चमकत होते. अजून काही झालेलं नाही, ती स्वतःला सांगत होती, मी फक्त बसलेय. कशेळीला उतरता येईल. आईकडं चहा पिईन आणि परत येईन, कुणाला कळायचं नाही. कशेळीचा थांबा आला. दोन बायका टोपल्या घेऊन उतरल्या. कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं, कारण ती अर्धवट उठली होती, दांडा धरून. छातीत धडधड होत होती, ती जुनीच, जिन्यावरची, जी गेली असं तिला वाटलं होतं. कंडक्टर म्हणाला, “उतरायचंय का मावशी?” तिनं मान हलवली, हो की नाही ते तिलाच कळलं नाही, आणि त्यानं घंटी वाजवली. पुलावर गाडी चढली तेव्हा ती खाली बसली. खाली खाडीला ओहोटी होती.

डायलिसिसच्या खोलीत सहा खाटा आणि सहा मशीनं. नामा खिडकीपाशी होता, डोळे मिटलेले, हातातून निघालेल्या दोन नळ्यांतून त्याचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. ती जवळ जाऊन उभी राहिली. त्यानं डोळे उघडले.

“बाय? कनाला आलीस? घरी काय झालं?”

“कायबी नाय. एकाहत्तर झालं.”

त्यानं मशीनच्या आकड्यांकडं बघितलं. “मी इचारलं नव्हतं,” तो म्हणाला.

“ठाव हाय.”

“आयनं धाडलं?”

“आयला सांगितलं नाय. तुज्या दाजींनापन नाय.”

“मंग भ्या गेला?”

“कुठला जातो.” तिनं पदरानं मान पुसली. “हाय तितकाच हाय. बारा-तेरा किलो उतरले, भ्या एक किलो उतरला नाय. पन चालता येतं त्याला घेऊन.”

पलीकडच्या मशीननं टीं टीं केलं आणि नर्स तिकडं धावली. नामानं आवाज खाली आणला. “माना तुज्याहून जास्त हाय. तुजं काय झालं तं मी ती किडनी अंगात घेऊन कुठं फिरू? आजून येल हाय, बाय. माना राग यायचा नाय. न्हाय म्हन.”

“न्हाय म्हनून झालं माजं,” गोदूबाई म्हणाली. “शिमगा झाला की जाऊ मुंबईला. आता पाय सरकव जरा, माना बसू दे.”